हट्टी मूल कीं हैराण मूल?

अहिल्यानगरच्या माळीवाड्यांतील विशाल गणपतीची विसर्जनाची मिरवणूक निघाली, कीं रस्त्याच्या दुतर्फा माणसें दाटतात, ढोलताशे घुमूं लागतात, आणि वडिलांच्या खांद्यावर बसलेलीं बहुतेक मुलें आनंदानें टाळ्या पिटतात. त्याच गर्दींत एखादें मूल मात्र दोन्ही कान घट्ट दाबून किंकाळ्या फोडतें. घरींही तें नवा सदरा टोंचतो म्हणून अंगावर ठेवीत नाहीं आणि वेणीफणीच्या वेळीं घर डोक्यावर घेतें. "लाडावलें आहे, दोन फटके द्या," असा निवाडा वडीलधारीं मंडळी देऊन मोकळी होतात. हा निवाडा पुष्कळदां चुकीचा असतो.

ज्ञानेंद्रियें पांच, हें शाळेंत सर्वजण शिकतात. परंतु आणखी तीन जाणिवा शरीरांत अखंड जाग्या असतात. अंतःकर्णांतील तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्या मुळाशीं असलेल्या दोन पिशव्या डोकें कोठें वळलें, कसें कललें, हें मेंदूस कळवितात. त्यावर तोल सांभाळला जातो. स्नायु आणि सांधे हातपाय कोठें आहेत हें सांगतात; म्हणूनच अंधारांतही घांस तोंडांतच जातो. तिसरी जाणीव भूक, तहान, शौचाची निकड यांची.

या साऱ्या वार्तांतून कामाची कोणती व सोडून द्यावयाची कोणती, हें मेंदू ठरवितो. त्याचें काम पिठाच्या चाळणीसारखें आहे. कांहीं मुलांच्या चाळणीचीं भोकें फार मोठीं असतात. सर्व कांहीं आंत येतें आणि शिवणीचा दोराही कांट्यासारखा बोंचतो. कांहींचीं भोकें फार बारीक. त्यांना चार हाका मारल्या तरी ऐकूं येत नाहीं असें वाटतें. आणखी कांहीं मुलें संवेदनांच्या शोधांतच असतात: गरगर फिरतात, उड्या मारतात, सदऱ्याची कॉलर चावतात.

अमेरिकेतील जीन एअर्स या विदुषीनें हा विचार शास्त्ररूपानें मांडला; तिचा मुख्य ग्रंथ १९७२ सालीं निघाला. ती व्यवसायोपचारतज्ज्ञ होती. हें शास्त्र महाराष्ट्राला परकें नाहीं. जन्मानें अमेरिकन, परंतु विवाहानें मराठी झालेल्या कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्याची भारतांतील पहिली शाळा काढली. येथें व्यवसाय म्हणजे पोटाचा धंदा नव्हे. खेळणें, जेवणें, कपडे घालणें, अक्षर गिरविणें हाच मुलाचा व्यवसाय.

उपचारक प्रथम मुलाचें निरीक्षण करतो व आईवडिलांशीं बोलतो. मग झोपाळा, चढण्याची शिडी, जड उशा, वाळू अशा साधनांनीं खेळ रचला जातो. मुलावर जुलूम होत नाहीं. खेळ त्याच्या कलानें, पण रोज किंचित् पुढें जातो. पुष्कळ मुलांस ओझरता स्पर्श खुपतो आणि घट्ट दाब मानवतो; म्हणून विंचरण्यापूर्वीं डोकें तळहातांनीं हळूहळू दाबल्यास रडणें कमी होऊं शकतें. घरीं कणीक मळणें, पाण्याची लहान कळशी वाहणें, हेही उपयोगी पडतें. मिरवणुकीचें मुलास आधीं सांगावें, ती दुरून दाखवावी, आणि गणपतीचें दर्शन गर्दी नसतांना घडवावें.

मात्र भाबडेपणा नको. या उपचाराचा गुण कितपत येतो, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१२ सालीं बजावलें, कीं संवेदनांची ही अडचण स्वतंत्र रोग मानूं नये. तिच्या मागें दुसरें कांहीं आहे काय, हें पाहावें. अनेक स्वमग्न मुलांत ती आढळते. म्हणून आधीं कान, डोळे व एकंदर वाढ बालरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी, आणि उपचाराचें उद्दिष्ट ठरवून कांहीं महिन्यांनीं फरक पडला कीं नाहीं हें पाहावें.

नगर शहरांतील घराला हें त्या मानानें सोपें. अकोल्याच्या डोंगरांतील किंवा पाथर्डीच्या माळावरील आईला वाट लांबची आहे. २०१३ पासून चालूं असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांतील व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. तेथें तिनें ही तक्रार निःसंकोच सांगावी. कान दाबून रडणारें मूल कोणाचा अपमान करीत नसतें. त्याला आवाज खरोखरच सोसत नाहीं, एवढें घरानें मानलें, कीं फटक्यांसाठीं उचललेला हात आपोआप खालीं येईल.