जुन्या गोव्याची गादी

‘गादी’ म्हणजे काय, हे आपल्या बीडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नारायणगड, गहिनीनाथगड ही नावं ऐकतच आपण वाढतो. गादीवर बसणाऱ्याच्या शब्दाला गावोगाव किती वजन असतं, तेही पाहत आलेलो असतो. म्हणूनच गोव्याला जाल तेव्हा जुन्या गोव्यात अर्धा दिवस काढा. बॉम जेझसमध्ये सेंट झेवियरचं शव पाहिलं की आपल्या गाड्या लगेच समुद्राकडे वळतात. रस्त्यापलीकडे उभं असलेलं से कॅथेड्रल आणि त्याला लागून असलेला आर्चबिशपांचा जुना वाडा राहूनच जातो. एके काळी आर्चबिशपांच्या या गादीचा अधिकार आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून थेट चीन-जपानपर्यंत चालत होता.

गादीचं वजन कुठे राजसत्तेपर्यंतही पोचायचं. जर्मनीत माइन्झ, कोलोन आणि ट्रिअर इथले आर्चबिशप स्वतःच राज्यकर्ते होते. सम्राट निवडणाऱ्या सात जणांत त्यांचा मान १३५६ साली कायम झाला. राज्यं गेली ती थेट नेपोलियनच्या काळात. गोव्यात मुलूख पोर्तुगालच्या राजाचा, आणि आर्चबिशप कोण हेही तोच सुचवायचा. पण व्हाइसरॉयची खुर्ची रिकामी पडली की कधीकधी सत्ता चर्चकडे यायची. आलेक्सो द मेनेझिस हे आर्चबिशप १६०७ ते १६०९ गोव्याचे गव्हर्नरही होते. त्याआधी १५९९ मध्ये त्यांनी केरळात उदयंपेरूरला धर्मपरिषद भरवून तिथल्या प्राचीन ख्रिस्ती समाजाला रोमच्या शिस्तीत आणलं. त्या समाजाचे सुरियानी ग्रंथ तेव्हा जाळले गेले. पहिले आर्चबिशप १५६० साली गोव्यात आले आणि इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालयही त्याच साली सुरू झालं, हे कॅथेड्रलच्या पायऱ्या चढताना विसरता येत नाही.

मला इथे सर्वांत जास्त आठवतो तो समोरच्या दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रो. ब्राह्मण कुळातून आलेला हा ख्रिस्ती तरुण हुशार होता, तरी गोव्याच्या आर्चबिशपांनी त्याला पाद्री करायला नकार दिला. त्यानं रोम गाठलं. तिथे तो पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशपही. परत आला तो आदिलशाही मुलखाचा धर्माधिकारी होऊन, थेट रोमची नेमणूक घेऊन. गोव्याच्या हद्दीला लागून डिचोलीत त्यानं ठाण मांडलं आणि गादीशी आयुष्यभर झगडा केला. या मातीतल्या माणसाला इथे जागा मिळावी म्हणून भांडणारा तो पहिल्या काहींपैकी एक. त्याचं नाव मराठी वाचकाला माहीत असायला हवं.

दुसरी आठवण आपल्या भाषेची. स्थानिक भाषांतली पुस्तकं नष्ट करणाऱ्या याच धर्मसत्तेच्या परवानगीनं १६१६ साली रायतूरला फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, मराठीत आणि ओवीत. ज्ञानेश्वर-एकनाथांचा छंद एका इंग्रज जेझुइटानं उचलला. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईकडून आलेल्या माणसाला हे वाचून भरून येतं.

से कॅथेड्रलचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं आणि पुढची कित्येक दशकं चाललं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. सोनं नावापुरतं, पण आवाज खोल. साथींनी शहर रिकामं केलं, १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली आणि पुढे आर्चबिशपांचा वाडाही पणजीच्या आल्तिन्यो टेकडीवर गेला. जुन्या वाड्यात आज ख्रिस्ती कलेचं दालन आहे.

पोर्तुगीज गेल्यानंतरही गादीवर गोमंतकीय माणूस बसायला १९७८ उजाडावं लागलं. राउल गोन्साल्विस आर्चबिशप झाले, तेव्हा मातेउसला नकार मिळून साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली होती.