पोटातलं बाळ आणि आईचं ताट

आज आपण बोलणार आहोत गरोदर बाईच्या जेवणाबद्दल. डोहाळजेवणाच्या दिवशी तिचं ताट भरून वाहतं. पण बाकीच्या नऊ महिन्यांत त्या ताटात काय पडतं, आणि ती जेवायला बसते तेव्हा भांड्यात काय उरलेलं असतं? त्यात घरातलं कुणी मायेनं सांगतं, "फार खाऊ नको गं, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल." या समजुतीची किंमत बाळाला मोजावी लागते. कशी, ते बघू.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत एक मोठा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच भाकरी-भाजी खाणाऱ्या सुमारे ८०० गरोदर बायका त्यात होत्या. त्यांच्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन भरलं २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या बाळांचं वजन साडेतीन किलो होतं. आपली बाळं हडकुळी दिसत होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. कमी पडलं होतं ते स्नायू आणि पोटातल्या अवयवांचं वजन. अशा शरीराला पुढे मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त असतो. म्हणजे साखरेच्या आजाराची मुळं आईच्या पोटातही असू शकतात.

मग कोणत्या आयांची बाळं चांगली भरली? नुसत्या भाकऱ्या वाढवल्यानं फारसा फरक दिसला नाही. ज्या बायका पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या, दूध घेत होत्या, त्यांची बाळं वजनानं चांगली होती. ज्या बायकांना शेतातली, पाणी भरण्याची, धुण्याची कामं जास्त होती, त्यांची बाळं लहान होती. पुढे हीच मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली. गरोदरपणी ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, ती मुलं लक्ष देण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या काही चाचण्यांत मागे पडली.

यासाठी महागडे डबे लागत नाहीत. आपल्या सोलापूरची ज्वारीची भाकरी चांगलीच आहे. तिच्या जोडीला रोज एक पालेभाजी हवी. मेथी, शेपू, अंबाडी, चुका, राजगिरा, जी स्वस्त मिळेल ती. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, तुरीचं वरण, शेंगाचटणी यांतून प्रथिनं मिळतात. बी-१२ मात्र भाजी-भाकरीतून मिळत नाही. त्यासाठी दूध, दही, ताक घ्या, आणि चालत असेल तर अंडी, मासे, मटण. फळ म्हणजे सफरचंदच असं नाही. पेरू, बोरं, डाळिंब आपल्याच जिल्ह्यात पिकतं. भाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. चहा तासाभरानं घ्या.

तरी जेवणातून सगळं लोह भरून निघत नाही. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी, असे १८० दिवस. शौचाला काळी झाली, थोडं मळमळलं, म्हणून गोळी बंद करू नका. रात्री जेवणानंतर घेऊन बघा. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या.

आता थोडं अवघड बोलू. आपल्यापैकी अनेकजणी विड्या वळतात आणि अनेकजणी मिश्री लावतात. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये छापून आला. मिश्री, तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला १०० ग्रॅम फार मोठे असतात. मिश्री सोडणं एका दिवसात जमणार नाही, पण दिवस राहिल्याचं कळलं की कमी करत करत सोडाच. विड्या वळणं पोटासाठी असतं, हे आम्ही जाणतो. निदान पान-तंबाखू झोपण्याच्या खोलीपासून दूर ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय घासाला हात लावू नका.

दिवस राहिले की लगेच अंगणवाडीत नाव नोंदवा. तिथला आहार तुमच्यासाठी असतो, तो घरात वाटून संपवू नका. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं, तर डॉक्टरांना विचारा.

हे सगळं एकट्या सुनेनं ऐकून भागणार नाही. सासूबाई, नणंदा, नवरे, तुम्हीही ऐका. तिला सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. दुपारी दोन तास पाठ टेकू द्या. पाण्याची घागर दुसऱ्या कुणी उचला. तिच्या ताटात आधी वाढलेली भाजी म्हणजे येणाऱ्या नातवंडाच्या तोंडातला पहिला घास आहे.