वर्षभर परदेशी, मग पुन्हा भिलाई!

मुलाला एक्सचेंजवर पाठवताना पालक व्हिसा, विमा, गरम कपडे अशी सगळी तयारी करतात. पण मूल परत येतं तेव्हाची तयारी कोण करतं?

कल्पना करा. भिलाईच्या सेक्टरमधलं कारखान्याचं क्वार्टर. कुटुंब मूळचं विदर्भातलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. दहावी झालेली मुलगी स्टुडंट एक्सचेंजवर वर्षभरासाठी जर्मनीला निघाली आहे. आजीने बॅगेत लोणच्याची बरणी कोंबली आहे, आईचे डोळे भरून आलेत आणि शेजारचे काका वडिलांना विचारताहेत, ‘‘अहो, पण पोरीचं एक वर्ष वाया जाणार ना?’’

भिलाईत हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. पोलादाइतकंच हे कोचिंग क्लासचं गाव. 2016 साली तर भिलाईच्या नावाची आयआयटीच सुरू झाली. सीबीएसईचा अकरावी-बारावी हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम. त्यात वर्षभर बाहेर राहायचं, म्हणजे बरोबरीच्या मैत्रिणी बारावीची परीक्षा देतील तेव्हा आपली मुलगी बहुधा अकरावीच्या वर्गात असणार. हिशेब सरळ आहे आणि जिव्हारी लागणारा आहे.

पाहुणी नव्हे, घरातली

एक्सचेंज म्हणजे सहल नव्हे. मूल तिथल्या कुटुंबात राहतं, तिथल्या शाळेत जातं आणि जेवणानंतर भांडीही आवरतं. अमेरिकन फील्ड सर्व्हिस ही मुळात युद्धातल्या जखमींची वाहतूक करणाऱ्या रुग्णवाहिका-चालकांची संघटना. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 साली, तिने 10 देशांतले 52 विद्यार्थी अमेरिकेत नेले. एका ताटावर जेवलेली मुलं उद्या एकमेकांवर बंदूक रोखणार नाहीत, ही त्यामागची आशा.

रोटरीची अशीच योजना 15 ते 19 वर्षांच्या मुलांसाठी आहे. वर्षभरात मूल सहसा एकाहून अधिक कुटुंबांत राहतं. यजमान कुटुंब राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाही. विमानाचं तिकीट आणि विमा पालकांकडे. नियम कडक! ड्रायव्हिंग, ड्रिंकिंग, ड्रग्ज आणि डेटिंग, या चार ‘डीं’ना सक्त मनाई. हे ऐकून निम्म्या आयांचा जीव भांड्यात पडतो.

एकदा ‘नको’ म्हटलं आणि...

आता आपल्या मुलीकडे पाहू. संध्याकाळचं जेवण म्हणजे पाव, चीज, काकडीच्या चकत्या. यजमानीण विचारते, ‘‘आणखी हवं?’’ मुलगी सवयीने ‘नको’ म्हणते. आग्रह होईल, मग घेऊ! पण आग्रह होतच नाही. टेबल आवरलं जातं आणि पोरगी अर्धपोटी झोपते. यजमानीण निष्ठुर नाही. तिच्या घरात ‘नको’चा अर्थ ‘नको’ एवढाच आहे. त्याच बाईला ‘काकू’ न म्हणता नुसत्या नावाने हाक मारायची, हेही जिभेवर यायला आठवडे लागतात. रविवारी दुकानं बंद, रस्ते सामसूम. मग सिव्हिक सेंटरची गर्दी आठवते आणि रडू कोसळतं.

हे रडू जगजाहीर आहे. 1955 साली नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे 200 नॉर्वेजियन मंडळींचा अभ्यास केला. सुरुवातीला उत्साह, मध्ये उदासी, मग पुन्हा उभारी असा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आलेख त्यांना दिसला. म्हणूनच घरी रोज तासभर फोन नको, असं जाणकार सांगतात. जीव घरात अडकला की पाय तिथे रोवत नाहीत.

दुसरा खड्डा घरातच

1963 साली गुलाहॉर्न या अमेरिकन संशोधक दांपत्याने या ‘यू’ला आणखी एक ‘यू’ जोडला. परतल्यावरही मन असंच खाली जातं, असं त्यांनी दाखवलं.

मुलगी घरी येते. आठवडाभर कौतुक. मग एका रात्री आजी दुसरी पोळी वाढायला येते, मुलगी शांतपणे ‘नको’ म्हणते आणि खरंच घेत नाही. आजी दुखावते, ‘‘तिकडे जाऊन घरचं अन्न कडू झालं का गं?’’ खोलीत येताना दार वाजवा, असं ती सांगते. बाबा स्वतःचं ताट का उचलत नाहीत, असंही विचारते. घर म्हणतं, पोरगी बिघडली. मैत्रिणी क्लासच्या टेस्टमध्ये बुडालेल्या. जर्मनीच्या गोष्टी दुसऱ्यांदा ऐकायला कुणालाच वेळ नाही.

पालकांनी इथे थोडं थांबावं. जाण्याआधीच शाळेशी आणि बोर्डाशी वर्ग, विषय, गुणपत्रकं याबद्दल लेखी बोलून घ्यावं. परतल्यावर लगेच क्लासला जुंपू नये. तिथे शिकलेला एखादा पदार्थ तिला घरात करू द्यावा आणि तिच्या गोष्टी दुसऱ्यांदाही ऐकाव्यात.

भिलाईला हे जड जाऊ नये. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि इथले अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे गेले, तिकडचे तज्ज्ञ इथे येऊन राहिले. 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली. 1972 सालचा मैत्रीबाग त्या शेजाराची खूण म्हणून आजही उभा आहे.

आणि जमलं तर एखादं परदेशी मूलही वर्षभर आपल्या घरी ठेवून घ्यावं. ते पहिल्याच पंगतीत हात आडवा धरून ‘नको’ म्हणेल, आजी तरीही पुरणपोळी वाढेल. मग घरच्या मुलीला हसत हसत दोघांनाही समजावून सांगावं लागेल. वर्ष वाया गेलं का, हे शेजारच्या काकांनी त्या पंगतीत बसून ठरवावं.