जुना ट्रॅक्टर सकाळी सुरू होत नाही, इंजिन आवाज करतं : मेकॅनिकला बोलावण्याआधी हे पाहा



थंडी आली की जुन्या ट्रॅक्टरची कुरकुर सुरू होते. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. एवढी थंडी दरवर्षी नसते, पण पहाटे १० अंशांच्या आसपासही बॅटरीचा जोर कमी पडतो आणि ऑइल घट्ट होतं. त्यात ट्रॉलीत संत्रा भरून कळमन्याला निघायचं असलं की घाई होते, आणि घाईत नको ते उपाय होतात.

*आधी जिवाचं*
सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभं राहून पान्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट जोडू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर लगेच चालू लागतो आणि मागचं चाक अंगावरून जातं. न्यूट्रलचा सेफ्टी स्विच असला तरी अशा जोडणीत तो वाचवत नाही. सीटवर बसून, न्यूट्रल करून, क्लच दाबूनच चावी फिरवा.

*१) सेल्फ फिरत नाही किंवा रडत रडत फिरतो*
हेडलाईट लावून सेल्फ मारा.
• लाईट एकदम मंद झाली, नुसतं कट-कट झालं : बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल खराब आहे.
• लाईट तशीच राहिली, आवाज काहीच नाही : चावीचा स्विच, सेफ्टी स्विच, सोलेनॉइड किंवा वायर पाहावी लागेल.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने साफ करा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. काढताना निगेटिव्ह वायर आधी, लावताना शेवटी. चेसिसला लावलेली अर्थिंगची वायरही घासून घट्ट करा. बऱ्याचदा दोष तिथेच असतो आणि खर्च मात्र नव्या बॅटरीवर होतो. इंजिन बंद असताना मीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी.

*२) सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही*
सायलेन्सरकडे पाहा.
• धूर अजिबात नाही : डिझेल पोचत नाही. टाकीचा कॉक, इंजिन बंद करायची खेच पूर्ण आत गेली का, आणि डिझेल फिल्टर, या क्रमाने पाहा. टाकी रिकामी झाली होती किंवा नुकताच फिल्टर बदलला असेल तर लाइनने हवा धरली असणार. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू कसा. नोझलच्या पाइपला हात लावू नका. त्यातली धार चामडीत शिरते, असं झालं तर थेट दवाखाना गाठा.
• पांढरा धूर येतो : डिझेल पोचतं, पण जळत नाही. पहाटेच होत असेल तर थंडी आणि कमजोर बॅटरी. भर दुपारीही होत असेल तर नोझल किंवा कॉम्प्रेशन तपासून घ्या.

एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा लावणं किंवा स्प्रे मारणं टाळा. जुन्या इंजिनाचे रिंग-पिस्टन त्याने तुटतात, आगही लागते.

*३) आवाज काय सांगतो?*
• वरून हलकी टक-टक : टॅपेटचं अंतर वाढलं. काम थांबवायची गरज नाही, पण आठवडाभरात सेटिंग करून घ्या.
• सुरू करताना चीं-चीं : फॅन बेल्ट सैल. इंजिन बंद करून अंगठ्याने दाबा, साधारण अर्धा इंच दबला पाहिजे.
• गाडी दाबली की कडक खट-खट, सोबत काळा धूर : नोझल किंवा पंपाचं टायमिंग. एअर क्लीनरही साफ करा.
• फुस-फुस आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे : हेड गॅस्केट. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.
• खालून जड धड-धड, लोड आला की वाढते : बेअरिंग. *लगेच बंद करा.*

ऑइलचा दिवा लागला तरी लगेच बंद करा. "एवढं वावर उरकून घेतो" म्हणाल तर बेअरिंगवर भागणारं काम क्रँकपर्यंत जातं. डिपस्टिकही पाहा : ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं, पातळी वाढून डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळलं. दोन्हीत ट्रॅक्टर चालवू नका.

*४) मोबाइलचा उपयोग करा*
थंड इंजिन सुरू करताना ३० सेकंद आणि गरम झाल्यावर ३० सेकंद आवाज रेकॉर्ड करा. फॅनपासून दूर उभं राहा, दुपट्टा-पदर खोचून घ्या. सोबत मीटरचे तास, शेवटचं ऑइल कधी बदललं आणि धुराचा रंग लिहून आपल्या मेकॅनिकला पाठवा. तो योग्य सामान घेऊनच येईल, तुमची एक चक्कर वाचेल.

आज संध्याकाळीच टर्मिनल, बेल्ट आणि डिपस्टिक पाहून ठेवा. १० मिनिटांचं काम आहे. हा मेसेज घरात जो ट्रॅक्टर चालवतो त्याला नक्की दाखवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी