निद्रिस्त रोग्यावर प्रकाशाचा पहारा

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकीर्दीत धन्वंतरी महाल नावाची चिकित्साशाळा चालविली. तेथील नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे व उपचारांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. त्या काळी रोगी जागा असतानाच शस्त्र चालवावे लागे. वेदना असह्य होत. परंतु रोग्याचा आवाजच त्याच्या प्रकृतीची वार्ता वैद्याला देत असे. १८४६ साली बॉस्टन येथे ईथरच्या भुलीचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि वेदनेबरोबर तो आवाजही थांबला. आता निद्रिस्त रोग्याला प्राणवायू पुरेसा मिळतो की नाही, हे कोणी सांगावे?

पुष्कळ वर्षे हे काम डोळ्यांवरच सोपविलेले होते. ओठ व नखे निळसर दिसू लागली की धोका ओळखावयाचा. परंतु १९४७ साली अमेरिकेत कॉम्रो व बोटेल्हो यांनी दाखवून दिले की, रक्तातील प्राणवायू बराच उतरेपर्यंत हा निळेपणा अनेक निरीक्षकांच्या ध्यानीच येत नाही. सावळ्या कातडीवर तर तो ओळखणे अधिकच कठीण. मेंदूला मात्र प्राणवायूवाचून काही मिनिटेच तग धरता येतो.

यावरचा उपाय रक्ताच्या रंगातच दडलेला होता. रक्तातील रक्तारुण, म्हणजेच हीमोग्लोबिन, प्राणवायूने भरलेले असता तांबडा प्रकाश बराचसा पुढे जाऊ देते. प्राणवायू गमावलेले असता तोच प्रकाश अधिक शोषून घेते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत याच्या उलट घडते. म्हणून बोटातून ६६० व ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे दोन किरण पाठवून त्यांची तुलना करता येते. अडचण एवढीच की कातडी, हाड आणि शिरांतील रक्त हीदेखील प्रकाश शोषतात. त्यांतून धमनीतील रक्त वेगळे कसे काढावे?

हे कोडे जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७२ च्या सुमारास सोडविले. हृदय दर मिनिटास किती रक्त पुढे ढकलते, हे शिरेत रंगद्रव्य सोडून व ते कानाच्या पाळीत प्रकाशाने टिपून मोजण्याचा त्यांचा प्रयत्न चालू होता. नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख सारखा हेलकावे खाई. दुसऱ्या तरंगलांबीच्या प्रकाशाचा उपयोग करून त्यांनी ते हेलकावे पुसून टाकले. परंतु प्राणवायूचे प्रमाण बदलताच ते पुन्हा उमटू लागले. आओयागींनी ओळखले की, हा अडथळा नसून हेच हवे असलेले माप आहे! ठोक्याबरोबर कमीजास्त होते ते मुख्यतः धमनीतील रक्तच. त्यातूनच पल्स ऑक्सिमीटर जन्मास आला.

हे साधन सर्वत्र पोहोचविण्याच्या कार्यात एका मराठी कुटुंबातील शल्यविशारदाचा मोठा वाटा आहे. डॉ. अतुल गवांदे यांचा जन्म अमेरिकेतला. वडिलांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातील उटी. त्यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी ऑक्सिमीटर लावलेला असून तो चालू आहे ना, हा तीतील एक प्रश्न. नवी दिल्लीसह आठ शहरांत सूची वापरली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. तरीही २०१० च्या एका अंदाजानुसार जगातील सुमारे ७७,००० शस्त्रक्रियागृहांत हे यंत्र नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी गवांदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली लाइफबॉक्स ही संस्था स्थापन केली.

हा पहारेकरीही कधी चुकतो. हात गार पडले किंवा नखांना गडद रंग असला की आकडा फसवा ठरू शकतो. रोगी नळीवाटे जादा प्राणवायू घेत असेल, तर श्वास मंदावल्याची सूचना उशिरा मिळते. २०२० साली अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले की, कृष्णवर्णीय रोग्यांच्या रक्तातील प्राणवायूची घट या यंत्राच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट होते. यास्तव यंत्रांची कसोटी सर्व वर्णांच्या माणसांवर घेतली गेली पाहिजे. शस्त्रक्रियागृह मुंबईचे असो वा तंजावर मुलखातील तिरुविडैमरुदूरसारख्या लहान गावचे, निद्रिस्त रोग्याच्या वतीने बोलणारे हे यंत्र तेथे हवे. आणि त्याचे बोलणे पारखून घेणारा जागा माणूसही त्याच्याजवळ हवा.