भातखाचरातले शेवाळ आणि चिमूटभर धातू

शेतकरी बंधूंनो, लावणी उरकून खाचरात पाणी स्थिरावले की त्यावर निळसर-हिरवा, बुळबुळीत थर धरतो. आपण नाक मुरडतो. पण भातजमिनीचा कस वर्षानुवर्षे टिकतो तो मुख्यतः या नील-हरित शेवाळामुळे, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले.

हवेत पाचात जवळजवळ चार हिस्से नत्रच. भाताच्या मुळांना मात्र तो तसाच घेता येत नाही. शेवाळ तो घेऊन त्याचा अमोनिया बनवते. गुरुजी, शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर मुलांना त्याचा एक थेंब दाखवा. मण्यांच्या माळा दिसतील, आणि मधूनच एखादा मणी फिकट, जाड सालीचा. नत्राचा कारखाना तो! प्राणवायू शिरला तर आतले यंत्र बिघडते, म्हणून साल जाड.

हे यंत्र म्हणजे एक विकर. त्याच्या गाभ्यात लोहाचे सात अणू आणि मॉलिब्डेनमचा एक. नाव जिभेला जड, पण हा एक अणू नसेल तर बहुतेक जातींचे काम अडते. मॉलिब्डेनम न मिळालेले शेवाळ पिवळे पडते. त्याला आयता अमोनिया द्या, पुन्हा हिरवे होते. म्हणजे भूक नत्राचीच होती. नायट्रेट पचवायलाही हाच धातू लागतो. कोबाल्टही लागतो, तोही लेशमात्र.

मग कोकणात अडचण कुठे येते? जांभ्या तांबड्या मातीत लोह भरपूर, पण माती आंबट. अशा मातीत मॉलिब्डेनम लोहाच्या गंजाला चिकटून बसतो, सुटत नाही. तेव्हा बाहेरून आणलेले शेवाळाचे वाण रुजले नाही, तर वाणाला बोल लावण्याआधी माती तपासून घ्या. आम्लता निघाली तर सांगतील तेवढा चुना घाला. धातू मोकळा होतो. मॉलिब्डेनमची पूड अंदाजाने मात्र टाकू नका.

युरिया भरपूर पडला तरी शेवाळ हवेतला नत्र घेणे सोडते. आयते मिळाल्यावर कोण राबणार?

तांब्याची गोष्ट निराळी. रतिभर हवे, पण जास्त झाले की विष. खाचरात केसांसारखे लांब, हिरवेगार तंतू रोपांना गुंडाळतात म्हणून कुणी मोरचूद टाकतात. ते तंतू वेगळ्या शेवाळाचे. ते नत्र धरीत नाही. पण मोरचुदाने आपले उपयोगी नील-हरित शेवाळ आधी मरते. तंतू हाताने ओढून बांधावर टाका.