मिरची ‘चावते’ की ‘पेटीत’ बसते?

हंगामात नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरचीचा सडा पडतो. दिवसभर देठ खुडणाऱ्या मजूर महिलांच्या बोटांची संध्याकाळी आग आग होते आणि पाण्याने कितीही धुतले तरी ती शमत नाही. हा सारा प्रताप कॅप्सायसिन या रसायनाचा.

हे नाव आले मिरचीच्या शास्त्रीय नावावरून, म्हणजे ‘कॅप्सिकम’वरून. त्याच्या मुळाशी काय, यावर मात्र एकमत नाही. काहींच्या मते लॅटिन ‘कॅप्सा’, म्हणजे पेटी. मिरची ही बिया ठेवलेली पोकळ डबीच की! इतर जण ग्रीक ‘काप्तो’कडे जातात, त्याचा अर्थ चावणे, गिळणे. ठेचा खाणाऱ्याला दुसरे मत पटकन पटेल. १८१६ मध्ये बुखोल्झ यांनी मिरचीतून अशुद्ध अर्क काढला, तो ‘कॅप्सिसिन’. १८७६ मध्ये जॉन थ्रेश यांनी ते जवळजवळ शुद्ध रूपात मिळवले आणि नावात किंचित बदल करून ‘कॅप्सायसिन’ केले.

आपला ‘मिरची’ हा शब्दही उसनाच. मूळची अमेरिकेतली ही वनस्पती पोर्तुगीजांबरोबर इकडे आली आणि तिला मिऱ्याचे, संस्कृत ‘मरिच’चे नाव चिकटले. मिऱ्याचा तिखटपणा वेगळ्या रसायनाचा, पायपरिनचा. गंमत म्हणजे ते नाव आपल्याच ‘पिप्पली’चे. ग्रीक-लॅटिनमधून फिरून ती प्रयोगशाळेत पोहोचली.

‘तिखट’ शब्द ‘तीक्ष्ण’वरून आला. पण तिखट ही जिभेची चव नव्हेच, ती वेदना आहे. साधारण ४३ अंशांपुढची उष्णता ओळखणारा ग्राहक चेतातंतूंवर असतो. कॅप्सायसिन नेमके त्यालाच चेतवते आणि मेंदूला वाटते, भाजले! डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधला. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. याच रसायनाचे मलम आणि पट्ट्या आज नसांच्या दुखण्यावर वापरतात.

कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे हात झोंबत असतील तर आधी खाण्याचे तेल चोळून पुसावे, मग साबणाने धुवावेत. तोंड पोळले तर पाण्यापेक्षा दूध-दही बरे. हातमोजे असतील तर उत्तमच. नसतील तर निदान तो हात डोळ्याला लागू देऊ नये.